न पाहिलेलं स्वप्न

मी जैतुनबी, बांगड्या भरणारी. भद्रकालीपासून पंचवटीपर्यंत माझ्यापुढे हात धरला नाही अशी बाई शोधून दाखवा. घरात आम्ही आमची दखनी बोलतो, पण तीस वर्षं माळ्यांच्या, तांबटांच्या, ब्राह्मणांच्या ओसऱ्या झिजवल्या, त्यामुळे मराठी तोंडात पक्की बसली. रागात तर मराठीच येते. हे सगळं मी रागातच सांगणार आहे, आणि राग दुसऱ्या कुणावर नाही.

एक आधीच सांगून ठेवते. मी लबाड बाई नाही. ठिसूळ काच चांगली म्हणून कधी कुणाच्या हातात चढवली नाही. जन्मात एकदाच खोटं बोलले, आणि ते बाजारात नाही बोलले. अल्लाहचं नाव घेऊन, नमाजेच्या चटईवरून उठून बोलले.

आमच्यात मोठं काम काढलं, लग्न म्हणा, लांबचा प्रवास म्हणा, की इस्तिखारा करतात. दोन रकात म्हणजे दोन आवर्तनं नमाज पढायची आणि अल्लाहला म्हणायचं, तुला सगळं ठाऊक आहे, मला काहीच नाही. हे काम भल्याचं असेल तर होऊ दे, नसेल तर माझ्यापासून फिरव. मग झोपायचं. कुणाला स्वप्न पडतं, कुणाला नाही. हिरवं-पांढरं दिसलं तर होय, काळं-लाल दिसलं तर नको, असं लोक धरतात. ज्याचं काम त्यानंच हे मागायचं असतं. पण लोकांना वाटतं, आपल्यासारख्या पापी माणसाचं वर कोण ऐकतंय, त्यापेक्षा जैतुनबीला सांगावं. मशिदीतले मौलवी सलाउद्दीन यावरून चिडायचे. म्हणायचे, इस्तिखारा म्हणजे मागणं आहे, तमाशा पाहणं नव्हे, आणि कुणाचंही स्वप्न दुसऱ्यासाठी पुरावा होत नाही. मी म्हणायचे, बरं साहेब. मनात म्हणायचे, तुम्हाला दिसत नाही म्हणून पोटात दुखतंय.

माझी रीत दुपारची. जोहरची नमाज झाली की दोन रकात जास्तीच्या पढायच्या, दुआ मागायची, आणि उजव्या कुशीवर किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला, तोंड करून पडायचं. दहांतल्या आठ वेळा काही दिसायचं नाही. मग मी सरळ सांगायचे, बाई, मला काही दिसलं नाही, तुझं तू बघ. लोक हिरमुसायचे, पण भरवसा ठेवायचे तो त्यामुळेच. जेव्हा खरंच दिसायचं तेव्हा शंका उरायची नाही. जाग आल्यावर छातीत गार वाटायचं, उन्हातून येऊन माठातलं पाणी प्यावं तसं. तो गारवा दिवसभर टिकायचा. त्या दिवशी मी कुणावर खेकसायचे नाही, आणि शेजारणी त्यावरूनच ओळखायच्या.

हे माझ्या अब्बांकडून माझ्यात आलं. अब्बा बजावायचे, वाईट स्वप्न पडलं तर डाव्या बाजूला तीनदा थुंकायचं, कूस बदलायची, आणि कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही. स्वप्न पाखराच्या पायाला बांधलेलं असतं. कुणी अर्थ लावीपर्यंत ते वरच फिरतं. अर्थ लावला की पडतं, आणि पहिला जो बोलेल त्याच्या शब्दावर पडतं. हमीदाला वाढवताना मी तिलाही हे शिकवलं आणि वर माझ्या पदरचं एक घातलं: कुणी फारच मागं लागलं तर ‘मी काही पाहिलंच नाही’ म्हणून मोकळं व्हायचं.

हमीदा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण सिन्नरला बाळंतपणात गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. त्याआधीच माझी दोन्ही लेकरं देवीच्या साथीत गेली होती आणि नवराही गेला होता. मी तिला कडेवर घेऊन सिन्नरहून आले ते पुन्हा खाली ठेवलंच नाही म्हणा. खाला म्हणजे मावशी; चौदा वर्षं ती मला ‘खाला, जेवलीस का’ विचारत आली. पुढं माझे हात कापायला लागले आणि बांगड्या तीच भरू लागली. मी शेजारी बसून तोंड चालवायचे, गिऱ्हाइकं हसायची, आणि घरी येताना ती माझा हात धरायची. तेवढं एक माझं होतं या जगात.

विलायतेच्या राजाला गादीवर पंचवीस वर्षं झाली, त्या ज्युबिलीचं साल होतं. बकरीद झाली आणि आमच्या गल्लीतली माजिदा मागणी घेऊन आली. तिचं माहेर येवल्याचं. तिचा भाऊ नियाज तिथं पैठणीच्या मागावर बसायचा आणि दर दोन महिन्यांनी मालकाचा माल पोचवायला नाशकात येऊन बहिणीकडे उतरायचा. चोवीस-पंचवीसचा, सरळ, थट्टेखोर पोरगा. हमीदाला त्यानं पाहिलं होतं, हमीदानं त्याला पाहिलं होतं, आणि दोघांनी पाहिलं नसल्याचं सोंग आणलं होतं. मी काय आंधळी आहे? तो आला की हमीदा माजिदाच्या हातात बांगड्या भरायला तास लावायची.

माजिदा म्हणाली, जैतुनबी, आमच्याकडे मुलगी राणीसारखी राहील, माग घरचा आहे, सासूचा जाच नाही, आणि अंगणात गोड पाण्याची विहीर आहे, चार घरं पाणी नेतात. ही विहीर मी तिच्या तोंडून शंभरदा ऐकली होती. मी म्हणाले, इस्तिखारा करते, मग सांगते. हमीदानं मान खाली घातली, पण कान इकडेच होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नमाज पढले आणि पडले. आणि दिसलं. इतकं स्वच्छ जन्मात दिसलं नव्हतं. येवल्याचं घर होतं, आतून मागाचा ठकठक आवाज येत होता, उंबऱ्यात हमीदा बसली होती आणि एका चिमुरडीच्या मनगटात हिरव्या बांगड्या भरत होती. ती चिमुरडी तिचीच, हे मला कुणी न सांगता कळलं. मी त्या घरात शिरले. स्वयंपाकघर पाहिलं, माळा पाहिला, परसात गेले. मला शोधत होते. मी कुठंच नव्हते. मी त्या घरात नव्हते, अंगणात नव्हते, माझं नावही कुणी काढत नव्हतं, आणि ती पोर हसत होती.

जाग आली तेव्हा छाती गार होती. अल्लाहनं होय म्हटलं होतं. आणि मी, जैतुनबी, उठून बसले ती रडत. आनंदानं नाही. मला ती द्यायची नव्हती. कुणालाच द्यायची नव्हती.

संध्याकाळी माजिदा आली. हमीदा भिंतीशी बसून बांगड्या रंगांप्रमाणे लावून ठेवत होती. माजिदानं विचारलं, काय दिसलं? मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार हे मलाच ठाऊक नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिची ती विहीर माझ्या डोक्यात बसली होती, तीच बाहेर आली. म्हटलं, विहीर पाहिली. नियाज आत उभा होता. काळं पाणी छातीपर्यंत आलं होतं आणि वरून कुणी दोर टाकत नव्हतं.

माजिदाचा चेहरा पांढरा पडला. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे हे लग्न झालं तर माझ्या भावाला विहीर खाईल.”

बस. अर्थ लागला. मी तिथंच म्हणायला पाहिजे होतं, गप्प, मी काही पाहिलं नाही. मी गप्प राहिले. हमीदाच्या हातातली बांगडी फुटली नाही की काही नाही. तिनं रंग लावून संपवले, टोपलीवर फडकं टाकलं आणि मगरिबच्या, दिवेलागणीच्या नमाजेला उभी राहिली. मला वाटलं, चला, निभावलं.

नियाजनं येवल्याहून निरोप पाठवला तो असा: विहिरीत मी रोज वाकून पाहतो, आत मीच दिसतो, आणि छान दिसतो, आपण थांबू, सफरचा महिना संपल्यावर पुन्हा विचारीन. माजिदा हे सांगताना भावावर रागावली होती. मी मात्र त्या दिवशी पहिल्यांदा घाबरले. मुलगा हसत होता आणि रोज त्या विहिरीत वाकत होता.

मोहरम लागला. त्या महिन्यात लग्नाचं नाव कुणी काढत नाही. हमीदा रोजे धरू लागली. आशुऱ्याचे, मोहरमच्या नवव्या-दहाव्या दिवशीचे, दोन रोजे सगळेच धरतात, पण हिनं पुढं सोडलेच नाहीत. चैत्राचं ऊन, नदीवरून येणारा वारासुद्धा तापलेला, आणि ही पहाटे घोटभर पाणी पिऊन दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातात बांगड्या भरायची. मी विचारलं, कशासाठी गं? म्हणाली, बला टळते. कुणाची बला, ते बोलली नाही. महिनाभरात गालांची हाडं वर आली. मी ओरडले, चिडले, ताट आपटलं. ती म्हणायची, खाला, तू जेव, मी मगरिबनंतर जेवते. आणि जेवायची ती दोन घास.

माझी तर झोप गेली. येवल्याची सर्व्हिस मोटार आली की मी दाराशी जाऊन उभी राहायचे, आता कुणीतरी उतरेल आणि माजिदाच्या दारात जाऊन बोंब ठोकेल. पाणी ओढायला गेले तर रहाटाचा आवाज सहन होईना. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात काळं पाणी होतं. आणि दुपारी पडले की काही म्हणजे काही दिसायचं नाही. आधीही पुष्कळदा दिसायचं नाही, पण तेव्हा कुणीतरी पलीकडे आहे आणि बोलत नाही, एवढंच वाटायचं. आता पलीकडे कुणी नाही असं वाटायचं.

शेवटी मौलवीसाहेबांकडे गेले. मशिदीच्या मागच्या दाराशी उभी राहून, बुरख्याआडून, दुसऱ्या कुणाचं म्हणून विचारलं: एका बाईनं न पाहिलेलं स्वप्न पाहिलं म्हणून सांगितलं, आणि ऐकणारीनं त्याचा वाईट अर्थ लावला, तर ते पडतं का?

मौलवींनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, “जे पाहिलंच नाही त्याला पाखरूही नाही आणि पायही नाही, ते काय पडणार. पण त्या बाईला सांगा, न पाहिलेलं स्वप्न सांगणाऱ्याला कयामतीच्या दिवशी जवाचे दोन दाणे देतील आणि म्हणतील, यांना एकमेकांशी गाठ मार. ती गाठ कधी बसायची नाही. स्वप्न पडत नाही, जैतुनबी. पण ऐकणाऱ्याच्या मनात जे घातलं ते खरंच असतं. ते आधी जाऊन काढा म्हणावं.”

माझं नाव घेतलं त्यांनी. मी पाय आपटत घरी आले. मोठे आले शहाणे. घरी येऊन डब्यातले जवाचे दोन दाणे काढले आणि खिडकीशी बसून खरंच पाहिलं. दाणा तो, त्याला वाकवायचं कुठं आणि गाठ मारायची कशी? कापऱ्या हातातून दोनदा खाली पडले. मी जमिनीवर हात फिरवून ते शोधत राहिले आणि मला रडू फुटलं.

हे मी फक्त सरुबाईला सांगितलं. ती मखमलाबादेकडची माळीण, भाजी-फुलं घेऊन यायची, वीस वर्षांची माझी मैत्रीण. तिला आमचं इस्तिखारा वगैरे कळत नाही, पण माणूस कळतं. तिनं सगळं ऐकलं आणि मेथीच्या जुड्या बांधता बांधता म्हणाली, “लय वाईट केलंस, बाय. पण अजून काय गेलं नाय. खोटं बोलाया तोंड व्हतं, तर खरं बोलाया बी हाय. आजच सांग पोरीला.”

आजच सांग म्हणे. सफरचा चांद दिसला होता त्या संध्याकाळी. आमच्या बायका सफरचे पहिले तेरा दिवस फार जड मानतात, तेरा तेजी म्हणतात त्याला. त्या दिवसांत प्रवास नाही, शुभ बोलणं नाही, आणि वाईट गोष्टीचं तर नावच काढायचं नाही; काढलं तर ती कान टवकारते. मौलवी याला जुन्या अडाणीपणाच्या गोष्टी म्हणतात. पण मी म्हटलं, आधीच एकदा तोंड उघडून वाटोळं केलं, आता या दिवसांत विहिरीचं नाव पुन्हा कशाला काढू? तेरा दिवस जाऊ देत. चौदाव्या दिवशी सकाळी सांगते. मी हे भीतीनं केलं की ती आणखी तेरा दिवस माझी राहावी म्हणून केलं, ते अल्लाहला माहीत. मला नक्की सांगता येत नाही.

त्याच दिवसांत गावात ज्युबिली झाली. कचेरीवर दिव्यांच्या माळा लागल्या, शाळेतल्या पोरांना पेढे वाटले, बायका नव्या बांगड्या भरायला आल्या. हमीदा रोजा धरून सकाळपासून बांगड्या भरत होती. एका बाईचा हात हातात असतानाच तिला भोवळ आली आणि ती माझ्या मांडीवर कलंडली. मी तिच्या तोंडावर पाणी मारलं. शुद्धीवर आल्याबरोबर तिनं ओठ घट्ट मिटले, पाणी आत जाऊ नये म्हणून. मी पुढं वाकले, सांगणारच होते. पण ओटीवर गिऱ्हाइकं होती, दिवस सहावा होता. म्हटलं, आणखी आठवडा.

बाराव्या दिवशी शुक्रवार होता. तेराव्या दिवशी सकाळी माजिदा धावत आली. डोक्यावर पदर नाही, चपला नाहीत. मी तिला दारात पाहिलं. मला वाटलं, झालं.

ती सरळ हमीदाकडे गेली आणि तिचे हात धरून रडायला लागली. येवल्याहून माणूस आला होता. उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढतात तसा शुक्रवारी त्यांच्या विहिरीचा काढत होते. पुंजाराम नावाचा मजूर आणि नियाज सकाळपासून आत होते. जुम्याची, शुक्रवारच्या नमाजेची अजान झाली तसा नियाज वर आला, अंग धुवायला गेला, आणि मागं विहिरीचा कडा ढासळला. तो उभा होता त्याच जागेवर गाडीभर दगड पडले. पुंजाराम दुसऱ्या बाजूला होता म्हणून वाचला, पाय मोडला बिचाऱ्याचा. नियाजला खरचटलंही नव्हतं.

माजिदा माझ्याकडे वळून म्हणाली, जैतुनबी, तुम्ही वली आहात, अल्लाहच्या जवळच्या, तुमचं पाहिलेलं चुकत नाही. माझ्या अंगावर काटा आला. मी काही पाहिलं नव्हतं. मग तो कडा का पडला?

हमीदा रडली नाही. ती उठून हातपाय धुऊन, वजू करून आली, शुक्राची म्हणजे आभाराची नमाज पढली, आणि माजिदा गेल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. इतक्या दिवसांनी तिचा चेहरा मोकळा झाला होता. म्हणाली, काल फजरनंतर, पहाटेच्या नमाजेनंतर, मी कुराणावर हात ठेवून अल्लाहशी बोलले. म्हटलं, त्याला ठेव. त्याला ठेवलंस तर मी त्याच्याशी लग्न करणार नाही, कुणाशीच करणार नाही, जन्मभर तुझ्या दारात बसेन. आणि खाला, इथं, असं म्हणून तिनं छातीवर हात ठेवला, इथं एकदम गार झालं. पाणी प्याल्यासारखं. मला तेव्हाच कळलं की ऐकलं गेलं.

तो गारवा कसला असतो हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी तिच्यापुढं सगळं ओकले. हिरव्या बांगड्या, चिमुरडी, ठकठकणारा माग, घरभर मला शोधलं ते, आणि विहीर मी बनवली ते. हात जोडले. तिनं शांतपणे ऐकलं, माझ्या कपाळावरचे केस मागं सारले आणि म्हणाली, तूच शिकवलंस ना, वाईट पाहिलं तर पाहिलंच नाही म्हणायचं. माझ्यासाठी म्हणतेस. मला कळतं.

आता सांगा, कुणाच्या डोक्यावर डोकं आपटू? मी शपथा घेतल्या. ती माझं तोंड पुसत राहिली. सरुबाईला बोलावलं, तिनं साक्ष दिली, म्हणाली, अगं पोरी, बोलाफुलाला गाठ पडली, तेवढंच हाय. हमीदा तिच्याकडे पाहून हसली आणि तिची टोपली डोक्यावर चढवायला हात लावला.

सफर संपायच्या आधीच नियाज नाशकात आला. मी त्याला आणि मौलवीसाहेबांना घरी बोलावलं. मधे पडदा होता, पलीकडे हमीदा बसली होती. मौलवींनी कुराण पुढं ठेवलं. मी वजू करून हात ठेवला आणि मोठ्यानं बोलले की मी जे सांगितलं ते स्वप्न मला पडलं नव्हतं, मला भलं दिसलं होतं, आणि मी माझ्या स्वार्थापायी खोटं बोलले. एवढं बोलेपर्यंत घामानं भिजले. नियाज माझ्याकडे बघत होता.

पडद्यापलीकडे बांगड्या वाजल्या. मग हमीदा म्हणाली, आता विश्वास बसला, खाला. माझा जीव भांड्यात पडला. मौलवी लगेच म्हणाले, मग बेटी, हा नवस खोट्याच्या भीतीवर उभा आहे. हलाल गोष्ट स्वतःवर बंद करायची नसते. दहा गरिबांना जेवू घाल, ते होत नसेल तर तीन रोजे धर, तू मोकळी. शरियतनं वाट ठेवली आहे.

“तीन रोजे?” हमीदा म्हणाली. “एका माणसाच्या जिवाचे तीन रोजे? मौलवीसाहेब, खाला खोटं बोलली ते तिचं आणि अल्लाहचं. मी जे बोलले ते माझं आणि अल्लाहचं. त्यात खोटं कुठं होतं? तो जिवंत आहे. अल्लाहनं आपलं केलं. आता मी माझं करते.”

मौलवींनी कुराण उचलून फडक्यात गुंडाळलं.

मग नियाज बोलला. पडद्याशी नाही, माझ्याशी. आवाज अगदी हळू होता. “खाला, ती तुमचं ऐकते. तुम्ही एवढंच सांगा तिला, की हे लग्न झालं तर मला काही होणार नाही. एवढं एकच वाक्य बोला.”

केवढंसं वाक्य. मी बोलायला पाहिजे होतं. मी विहीर बनवली होती, माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं की त्यात काही नाही? मी तोंड उघडलं. आणि मला तो कडा दिसला, गाडीभर दगड, आणि तो उभा होता ती जागा. मी म्हणाले आणि उद्या त्याला खरंच काही झालं तर? पुन्हा माझ्याच तोंडच्या शब्दावर झालं तर? माझी दातखीळ बसली. सगळे माझ्याकडे बघत होते. पडद्यापलीकडून हमीदासुद्धा वाट बघत होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता. तिनं वाट बघितली, हे मी विसरणार नाही. त्या क्षणी मी बोलले असते तर ती उठून आली असती. मला अजून वाटतं, आली असती.

मी मान खाली घातली.

नियाज उठला. मौलवींना सलाम केला, मला केला, आणि गेला. पडद्याआड हमीदानं एक लांब श्वास सोडला. मग चूल पेटवल्याचा आवाज आला.

त्याला आता तीन वर्षं झाली. नियाजनं गेल्या साली मालेगावची मुलगी केली, माजिदानं येऊन सांगितलं. हमीदा म्हणाली, अल्लाह सुखी ठेवो, आणि तिनं माजिदाच्या भावजयीसाठी दोन डझन बांगड्या बांधून दिल्या. बायका आता इस्तिखाऱ्यासाठी तिच्याकडे येतात. ती त्यांना नमाज कशी पढायची ते दाखवते आणि म्हणते, तुमचं तुम्ही मागा. मौलवी तिचं नाव आदरानं घेतात. तिची नमाज चाललेली असली की मी दारातून बघते. तिचं तिथं कुणीतरी ऐकतंय हे दिसतं. मी दुपारी उजव्या कुशीवर पडते आणि भिंतीकडे बघत राहते.

ती मला रागावत नाही. रागावली असती तर मीही चार शब्द बोलले असते, भांडलो असतो, मोकळ्या झालो असतो. ती गरम भाकरी वाढते आणि म्हणते, खाला, जेव. बाहेरून येताना माझा हात धरते. कुठं जाणार नाही ती आता, मी मरेपर्यंत माझ्याजवळच राहील. मला हेच पाहिजे होतं.